विषाच्या बाटलीचा रकाना

३ फेब्रुवारी

आज माझं टेबल हलवलं. सव्वीस वर्षं खिडकीशी होतं, ते भिंतीशी आलं, कारण प्रयोगशाळेत आलेल्या नव्या मुलीला, नवीला, तिच्या सूक्ष्मदर्शकासाठी उजेड हवा होता. मला काय डोळे नाहीत? मोठे साहेब स्वतः येऊन म्हणाले, "बाई, तरुण मंडळींना जरा सांभाळून घ्या." सांभाळायला ती काय काचेची आहे? हे सगळं कामाच्या वहीत लिहिता येत नाही, तिथं फक्त आकडे चालतात. म्हणून ही वेगळी वही काढली. ती कपाटात राहील आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

नवीला काम समजावून सांगायला बसले. म्हटलं, आपला कारखाना तणनाशक करतो. टाक्या धुतल्याचं, सांडल्याचं, गळल्याचं सगळं पाणी शुद्धीकरणातून जातं आणि मग कालव्यात सोडतात. सोडायच्या आधी ते माझ्या हाताखालून जातं. आपण त्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढवून बघतो, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक, एका पेशीचं एक. चार दिवसांनी पेशी मोजायच्या. साध्या पाण्यातल्या वाढीच्या ऐंशी टक्के तरी भरल्या की पाणी पास.

एवढ्यात ती म्हणाली, "हो मॅडम, मी यावरच दोन वर्षं काम केलंय." मग आधी सांगायचं होतं. पाऊण तास तोंडाची वाफ दवडली.

वर पिशवीतून तिचं स्वतःचं शेवाळ काढलं, चार नळ्या, विद्यापीठातून आणलेल्या. घरात विरजण असताना शेजारून मागून आणायची ही कुठली पद्धत? आमच्याकडे मूळ बाटलीला सगळे विरजणच म्हणतात. दर पंधरवड्याला तिच्यातलं थोडं नव्या बाटलीत घालायचं, की पुढचं तयार. ते मी राखलंय. पाठीमागे मला शेवाळबाई म्हणतात हेही मला माहीत आहे.

५ फेब्रुवारी

कानामागून आली आणि तिखट झाली. आज विचारते, "मॅडम, विरजणाला तुम्ही ऊर्ध्वपातित पाणी का वापरत नाही? कारखान्याचंच पाणी का घालता?"

सांगितलं तिला. पंधरा वर्षांपूर्वी ते पाणी बनवायचं यंत्र बंद पडलं होतं, चार महिने कुणी दुरुस्त केलं नाही. तेव्हा मी शुद्धीकरणातून बाहेर पडणारं पाणीच गाळून, उकळून वापरलं. पहिल्यांदा बारा बाटल्या लावल्या, अकरा पांढऱ्या पडल्या. एक फिकट हिरवी राहिली. तीच पुढे वाढवली, आणि आज बघ कशी गर्द आहे. यंत्र दुरुस्त झालं तरी मी पाणी बदललं नाही. ज्या पाण्यात राहायचं त्याची सवय नको? लाडावलेलं शेवाळ काय कामाचं? हाडाची जात कशी असते ते मी एका नजरेत ओळखते.

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अकरा मेल्या?" मी म्हटलं, नाजूक होत्या. तिनं स्वतःच्या वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिकू दे. नव्याचे नऊ दिवस.

११ फेब्रुवारी

धाकटा भाऊ आला होता, कारखान्याच्या फाटकावर, दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता, मी एकोणीस. मी वाढवलाय, त्यामुळे तो तोंड उघडायच्या आधी मला कळतं की काहीतरी बिघडवून आलाय.

दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यानं कालव्याच्या काठी माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र काढलं. सहा सिमेंटच्या टाक्या, पाणी कालव्याचं. मला विचारलं नव्हतं. आता म्हणतो, "ताई, पाणी हिरवंच होत नाही गं. खत घातलं, ऊन आहे, सगळं आहे. आठ-आठ दिवस तळ दिसतो. हिरवं नाही म्हणजे पाण्यातले बारीक किडे नाहीत, आणि किडे नाहीत तर पिल्लांनी खायचं काय? पहिली खेप जवळजवळ सगळी गेली."

मी म्हटलं, लोक पाणी नितळ व्हावं म्हणून धडपडतात आणि तू नितळ आहे म्हणून रडतोस. नाचता येईना अंगण वाकडं. तो हसला नाही. म्हणाला, "तुमच्याकडचं काही येतंय का, तेवढं बघ."

तुमच्याकडचं. सव्वीस वर्षं ज्या पाण्यावर माझी सही असते, ते पाणी. तरी कॅन ठेवून घेतले. नियमाप्रमाणे बाटल्या लावल्या: तीन साध्या पाण्याच्या, तीन त्याच्या पाण्याच्या. नियमाप्रमाणे एक विषाचीही लावायची असते. तिच्यात आपलंच तणनाशक मापून घालायचं आणि शेवाळ मरतं की नाही ते बघायचं. ती मी कधीच बंद केली. विषात मरतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, त्यासाठी चांगलं शेवाळ कशाला मारा? रकान्यात "वाढ नाही" लिहिते आणि पुढे जाते. तसंही तेच येणार.

१५ फेब्रुवारी

धाकट्याच्या पाण्यात सत्त्याण्णव टक्के वाढ. पास, अगदी ठणठणीत पास. सकाळी दोनदा मोजलं, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. कागदावर लिहून, सही करून, कारखान्याच्या पंपवाल्याच्या हाती पाठवलं. पंपवाला त्याच रस्त्यानं घरी जातो. खाली एक ओळ जास्त घातली: "पाण्यात दोष नाही. खाणं जास्त पडतंय का ते बघ."

त्याला राग येईल. येऊ दे. खरं कुणीतरी सांगायला हवं.

१६ फेब्रुवारी

आज घरी जायच्या आधीच हे लिहितेय.

नवीनं मला न विचारता धाकट्याच्या कॅनमधलं उरलेलं पाणी घेतलं आणि तिच्या शेवाळात लावलं. आज सगळ्यांसमोर तिनं तीन बाटल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. पांढऱ्या. तळाशी राखाडी गाळ. शेजारी तिच्याच साध्या पाण्याच्या तीन, हिरव्या.

"मॅडम, हे दुसऱ्याच दिवशी गेलं," म्हणाली. "मी आपलं बाहेर सोडायचं पाणीही लावलंय. तेही गेलं."

मी म्हटलं, बाटल्या नीट धुवायला शीक. साबण राहिला की असंच होतं. आमच्याकडे पहिल्या महिन्यात हेच शिकवतात.

"तीनदा धुतल्यात."

"मग चौथ्यांदा धू."

पंपवाला दारात उभा होता, तो खाली मान घालून हसला. कुणाला हसला ते कळलं नाही. ती बाटल्या उचलून शांतपणे गेली. हे शांतपण सगळ्यात वाईट. भांडली असती तर दोन दिल्या असत्या आणि विषय मिटला असता.

१९ फेब्रुवारी

जिंकले. तिनं मोठ्या साहेबांना लेखी दिलं होतं, सोबत तिचे आकडे. साहेबांनी दोघींना बोलावलं. माझा कागद त्यांनी वाचला, तिचा वाचून उलटा ठेवला. मग म्हणाले, "इथं एकच पद्धत चालेल. बाईंची. चाचणी फक्त बाईंच्या विरजणावर."

मीही लेखी दिलंय की तिच्या बाटल्यांना साबण असतो. अंदाजानं नाही, सव्वीस वर्षांच्या अनुभवानं.

निघताना साहेबांनी मला थांबवून चहा पाजला. गेल्या वर्षी दुसरं युनिट सुरू झाल्यापासून ते मला एकदाही बसा म्हणाले नव्हते. विचारलं, "विरजण कुठे ठेवता? कुलपात ठेवत जा." बघा, कदर करणारे असतात. फक्त वेळ लागतो.

२३ फेब्रुवारी

रविवार. धाकट्याकडे गेले. खरं तर माफी मागायला तो माझ्याकडे यायला हवा होता.

टाक्या बघितल्या. पाणी असं की तळातल्या सिमेंटवरच्या गवंड्याच्या करणीच्या खुणा मोजता येतील. वरून जाळी, बाजूला पंप, सगळं टापटीप. ते काम भावजयीचं असणार, त्याचं नव्हे. एका टाकीत राहिलेली थोडी पिल्लं पाण्याच्या वर तोंडं काढून फिरत होती. कोपऱ्यात पिठासारख्या खाद्याचा थर साचून कुजला होता. दाखवलं त्याला बोटानं, हे काय? म्हणाला, "हिरवं पाणी नाही म्हणून वरून द्यावं लागतं." प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार.

भावजय चहा घेऊन आली. मी तिच्यासमोरच म्हटलं, पाण्यात दोष नाही, हाताला आहे. लहानपणीही याचं असंच, ससे पाळले आणि आठव्या दिवशी कंटाळा. भावजयीनं कप खाली ठेवला. त्याच्याकडे बघत म्हणाली, "ताई सांगतात म्हणजे पाणी चांगलंच असणार." शहाणी मुलगी आहे. सुरुवातीला मला वाटायचं ती मला पाण्यात पाहते, पण तसं नाही.

धाकट्यानं माझा कागद खिशातून काढला, पुन्हा वाचला, घडी घालून ठेवला. गप्प बसला म्हणजे पटलं. दुसरी खेप घ्यायची, असं भावजय म्हणत होती. तीही गेली तर केंद्र बंद करायचं, असं दोघांचं ठरलंय. मी म्हटलं, घे, आणि हात आवरून खायला घाल.

६ मार्च

नवीला पॅकिंग विभागात टाकलं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आता डब्यांवर चिठ्ठ्या लावेल. तिनं पुन्हा साहेबांना लिहिलं होतं, आणि वर सरकारी तपासणी कार्यालयाला प्रत देईन म्हणाली होती. हात दाखवून अवलक्षण.

टेबल आवरताना माझ्याकडे आली. चार नळ्यांपैकी एक माझ्या उजेडाच्या फळीवर ठेवली. "ही राहू दे, मॅडम. तिकडे उजेड नाही." मग म्हणाली, "एक सांगू? एकदा विषाची बाटली लावून बघा. खरंच लावून. मी जुन्या वह्या चाळल्या, पंधरा वर्षांत त्या रकान्यात एक अक्षर बदललेलं नाही."

माझ्या वह्या चाळल्या. माझ्या. मी तिला दार दाखवलं.

आज माझं टेबल परत खिडकीशी आलं. ऊन डोळ्यांवर येतं, विसरलेच होते.

१४ मार्च

धाकट्याचा फोन. दुसरी खेप गेली. पहिल्या आठवड्यात बरी होती, मग रोज सकाळी जाळीनं काढायची आणि खड्ड्यात टाकायची. काल शेवटची टाकी रिकामी केली. हे सगळं त्यानं बस चुकली असं सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, किती वेळा सांगितलं, खाणं कमी घाल. तो म्हणाला, "यावेळी मोजून घातलं, ताई. ती बाजूला उभी राहून मोजायची." मग म्हणाला, "ती माहेरी गेलीये."

कशाला, ते मी विचारलं नाही. नवऱ्याला धंदा जमत नाही म्हणून बायका माहेरी जायला लागल्या तर गावं ओस पडतील. मला तिचाही राग आला, त्याचाही आला. त्यानं मला एक वाकडा शब्द बोलायला हवा होता, तोही बोलला नाही. जेवण गेलं नाही.

१७ मार्च

तीन दिवस त्या पोरीचं वाक्य कानात भुणभुण करतंय. ठीक आहे. लावते विषाची बाटली. मरेल, आणि त्या मेलेल्या बाटलीचा फोटो मी पॅकिंग विभागाच्या दारावर चिकटवेन.

पंपवाल्याला साक्षीदार म्हणून उभं केलं. तो म्हणाला, "बाई, उगाच कशाला? चाललंय ते चालू द्या की." मी म्हटलं, तू फक्त बघ. गोदामातून सीलबंद तणनाशक आणलं, नियमात आहे तेवढंच मापलं, तीन बाटल्यांत घातलं. विरजण घातलं. फळीवर ठेवल्या, चिठ्ठीवर वेळ लिहिली.

१९ मार्च

अजून हिरव्या आहेत. दोन दिवसच झालेत. हाडाचं शेवाळ आहे, मरायलाही वेळ घेणार.

२१ मार्च

चौथा दिवस. मोजलं.

साध्या पाण्यात वाढ शंभर धरली, तर विषाच्या बाटलीत चौऱ्याण्णव.

माप चुकलं असणार. पुन्हा लावते. यावेळी दहापट घालते. आणि फळीवरची तिची नळी, तीही लावते, नियमातल्या मापानं.

२५ मार्च

तिचं शेवाळ: शून्य. पांढरं. त्याच बाटल्या, मीच धुतलेल्या. साबण नाही.

माझं: दहापट विषात एक्याऐंशी.

दहापट विष, आणि माझ्या हिशेबानं ते पास होतं. तीनदा मोजलं. चौथ्यांदा मोजायला डोळा भिंगाशी नेला आणि काही दिसेना, तेव्हा कळलं की मी रडतेय. सूक्ष्मदर्शकावर पाणी पडलं तर भिंग खराब होतं, म्हणून बाजूला होऊन बसले.

बारापैकी अकरा मेल्या होत्या. मी त्यांना नाजूक म्हटलं. त्या बरोबर होत्या. पाणी वाईट आहे हे त्या मला सांगत होत्या, आणि मी जी एक काही सांगेना तिचाच वंश वाढवला. पंधरा वर्षं दर पंधरवड्याला तिला तेच पाणी पाजलं. तिला आता विष कळतच नाही. आणि तिलाच मी विचारत होते की पाणी कसं आहे.

कधीही, एकदा जरी विषाची बाटली खरी लावली असती, तरी चार दिवसांत समजलं असतं. जुन्या वह्या काढल्या. "वाढ नाही. वाढ नाही. वाढ नाही." अक्षर माझं, वळणदार. दर पानावर.

२६ मार्च

साहेबांकडे गेले. दार लावायला त्यांनीच सांगितलं.

सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांचा चेहरा पडेल. ते खुर्चीत मागे टेकले. "बाई, तुमच्या त्या बाटलीइतकी मोलाची वस्तू या कारखान्यात दुसरी नाही."

मी म्हटलं, साहेब, ते विरजण खोटं सांगतं.

"ते मला त्या पोरीच्या पहिल्याच पत्रात कळलं," म्हणाले. "दुसरं युनिट सुरू झाल्यापासून निम्मं पाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांत थांबतच नाही. जागा कुठे आहे? तुमच्या बाटलीनं आपल्याला वर्षभर तारलंय. अजून वर्षभर तारू दे, तोवर नव्या टाक्या होतील. तुमच्या मुदतवाढीचं मी बघतो."

म्हणजे तो चहा त्यासाठी होता. ते कुलूप त्यासाठी होतं. मी विचारलं, आणि नाही म्हटलं तर? त्यांनी आवाज मुळीच चढवला नाही. "रकाना कुणी भरला, बाई? मी? मला तर वाचताही येत नाही तुमचं ते शेवाळ. खोटी नोंद तुमच्या अक्षरात आहे. मी फक्त तिच्यावर विश्वास ठेवला."

खरं आहे. त्याचाच संताप जास्त आहे.

२८ मार्च

या वहीत तरी खोटं लिहायचं नाही. दोन दिवस मी गप्प बसायचाच विचार केला. निवृत्तीला सोळा महिने उरलेत. सगळे म्हणतील शेवाळबाईनं पंधरा वर्षं झोपा काढल्या. जुन्या वह्या जाळता येतील का, हेही मनात येऊन गेलं. भट्टी कुठे आहे मला माहीत आहे.

मग पॅकिंग विभागात गेले. नवी तोंडाला फडकं बांधून डब्यांवर चिठ्ठ्या लावत होती. मी म्हटलं, तुझं बरोबर होतं. विषाची बाटली लावली. हिरवी निघाली.

तिनं हातातला डबा पुरा केला. "किती?"

"दहापटीला एक्याऐंशी."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं खूश होईल. म्हणाली, "मॅडम, माझ्या बाटल्यांना साबण असतो असं तुम्ही लेखी दिलंत. दुसरीकडे अर्ज केला की ते पत्र माझ्याआधी पोचतं. ते आधी खोडा."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "ते नको. ते खोडा."

तिथंच, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहून दिलं. मग तपासणी कार्यालयाला पत्र लिहिलं. साहेबांचं म्हणणं, जसंच्या तसं. माझा रकाना, पंधरा वर्षांचा, "न करता भरलेला" या शब्दांत. दोन्ही शेवाळांच्या बाटल्या खोक्यात घालून स्वतः नेऊन दिल्या. पोच घेतली.

२ एप्रिल

काल तपासणीवाले आले. कालव्याकडची झडप बंद करून तिच्यावर शिक्का मारला. वह्या नेल्या. मला कामावरून तूर्त दूर केलंय, चौकशी होईपर्यंत. साहेब रजेवर आहेत म्हणे, आजारी. पंपवाला माझ्यासमोरून गेला आणि जमिनीवर थुंकला. काम बंद राहिलं तर त्याचं घर कसं चालणार, हे त्यानं सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी धाकट्याकडे गेले. टाक्या कोरड्या, तळाला भेगा. तो पंप खोलून पुसत बसला होता, विकायला काढलाय. पायरीवर बसून सगळं सांगितलं. अकरा बाटल्यांचं, रकान्याचं, त्याच्या पाण्याच्या सत्त्याण्णव टक्क्यांचं. मधे एकदा त्याचा हात थांबला, मग पुन्हा पुसायला लागला.

"मला कशाला सांगतेस?" म्हणाला. "मला माहीतच होतं. तिला जाऊन सांग."

५ एप्रिल

भावजयीच्या माहेरी गेले. बसनं दोन तास. ती बाहेरच्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं. वाटलं होतं फार वेळ लागेल, पण पाच मिनिटंही लागली नाहीत. तिनं एकदाही मधे तोडलं नाही, घड्या घालत राहिली.

मग म्हणाली, "दुसरी खेप त्यांना घ्यायचीच नव्हती. माहीत आहे तुम्हाला?"

माहीत नव्हतं.

"ते म्हणत होते, ताईचं काहीतरी चुकतंय, पाणीच वाईट आहे, आपण थांबू. मी म्हणाले, तुमच्या बहिणीनं जन्म घातलाय त्या कामात, त्या चुकतील? तुम्हालाच कष्ट नकोत. आठ दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तुमचा कागद आरशाला लावून ठेवला होता मी, त्यांना रोज दिसावा म्हणून. मग ते गेले आणि पिल्लं घेऊन आले. आणि मेली तेव्हा मी म्हणाले, तुमच्या हातात काही जगत नाही."

तिच्या हातात एक सदरा होता, तो तिनं तसाच बिनघडीचा ठेवला.

"त्या घरात तुमच्यावर विश्वास ठेवणारी मी एकटी होते, ताई."

ती आत गेली, आईशी दोन शब्द बोलली, पिशवी घेऊन बाहेर आली आणि चप्पल घालून चालायला लागली. मी मागोमाग. बसमध्ये ती पुढे खिडकीशी बसली. शेजारची जागा रिकामी होती, पण तिच्यावर तिनं पिशवी ठेवली. मी मागे बसले. दोन तासांत तिनं मान वळवली नाही.

धाकटा फाटकाला खिळे ठोकत होता. तिला बघून उभा राहिला. ती म्हणाली, "पाणीच वाईट होतं."

तो म्हणाला, "हो."

त्यानं हातोडी खाली ठेवली, तिच्या हातातली पिशवी घेतली, आणि दोघं आत गेले. मी रस्त्यावर उभी राहिले. आत जावं का ते समजेना. आत दिवा लागला, भांड्यांचा आवाज आला.

थोड्या वेळानं धाकटा परत आला. हातोडी उचलली, फाटकाची कडी आतून लावली. लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, परतीची बस साडेसहाला आहे. त्यानंतर नाही."